फाइलचे नाव आणि टॅग: म्युझिक प्लेयर नेमके काय वाचतो?

संगणकावर भीमसेन जोशींच्या नावाचे फोल्डर करावे, त्यातल्या प्रत्येक फाइलला रागाचे नाव द्यावे, आणि तेच फोल्डर म्युझिक प्लेयरमध्ये घेतल्यावर पडद्यावर ‘अज्ञात कलाकार’ आणि ‘ट्रॅक ०३’ एवढेच उमटावे, असे अनेकांच्या बाबतीत घडते. यात प्लेयरचा काही दोष नसतो. फाइलचे नाव आणि फाइलचा टॅग, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेली शीर्षक, कलाकार, अल्बम अशी माहिती, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि कलाकार किंवा अल्बम यांनुसार यादी लावणारा प्लेयर त्यांपैकी टॅगच वाचतो.

फाइलचे नाव आणि फोल्डर यांची नोंद मेमरी कार्डाच्या सूचीत असते, गाण्याच्या आत नसते. टॅग मात्र फाइलमध्येच, आवाजाच्या माहितीला जोडून लिहिलेला असतो. त्यामुळे नाव कितीही वेळा बदलले तरी टॅग जसाच्या तसा राहतो. एमपीथ्रीसाठी ही सोय १९९६ मध्ये आली, तेव्हा फाइलच्या शेवटी जेमतेम १२८ बाइट जोडले जात: टॅग ओळखण्याच्या खुणेचे ३, शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांना प्रत्येकी ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १. गाण्याच्या क्रमांकाला त्यात जागाच नव्हती. ती पुढे शेऱ्यातले दोन बाइट घेऊन काढण्यात आली. ही रचना मुळात लॅटिन लिपी धरून केलेली असल्यामुळे देवनागरी नावांचा तिथे निभाव लागत नसे. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत टॅग फाइलच्या सुरुवातीला गेला, लांबीची अडचण संपली आणि युनिकोड, म्हणजे देवनागरीसह जगातल्या लिप्या सामावणारी अक्षरपद्धती, वापरता येऊ लागली. मराठीत नावे ठेवायची असतील तर या टॅगची आवृत्ती २.३ आणि युटीएफ-१६ हा युनिकोडचा प्रकार ही जोडी निवडावी, कारण २.४ ही आवृत्ती काही जुन्या प्लेयरना वाचता येत नाही.

टॅगवर विसंबण्याचे टोक पाहायचे असेल तर २००१ मध्ये आलेला आयपॉड पाहावा. त्याच्या आतल्या फोल्डरांची नावे एफ००, एफ०१ अशी असतात आणि फाइलींना चार अक्षरांची निरर्थक नावे मिळतात. गाणे सापडते ते टॅगवरून तयार झालेल्या सूचीमुळेच. याउलट स्वस्त प्लेयर आणि गाडीतले अनेक स्टिरिओ केवळ फोल्डरच दाखवतात. प्लेयरवर मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसवता येणाऱ्या रॉकबॉक्स या मुक्त प्रणालीत दोन्ही वाटा खुल्या असतात.

माझ्या मते संग्रहाचा खरा आधार टॅगच असावा. फोल्डर एका फाइलला एकच जागा देते, पण आपल्याकडची रचना गायक, संगीतकार, राग, चित्रपट अशा अनेक अंगांनी शोधली जाते. मात्र टॅग कमालीची शिस्त मागतो. ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले तेच नाव हे प्लेयरच्या दृष्टीने तीन वेगळे गायक असतात. म्हणून लिपी, उपाधी आणि आद्याक्षरे यांबाबत एकदा काय ते ठरवावे आणि सर्वत्र तेच लिहावे.

सर्वाधिक घोळ चित्रपटगीते आणि नाट्यगीते यांत होतो. एका अल्बममध्ये चार गायक असले की कलाकारानुसार यादी लावणारा प्लेयर त्या अल्बमचे चार तुकडे करतो. त्यासाठी ‘अल्बम आर्टिस्ट’ हा वेगळा रकाना असतो. ‘आर्टिस्ट’मध्ये त्या गाण्याचा प्रत्यक्ष गायक लिहावा, आणि ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये सगळ्या गाण्यांना एकच नाव द्यावे, चित्रपट असेल तर संगीतकाराचे देणे मला योग्य वाटते. शास्त्रीय मैफलीच्या ध्वनिमुद्रणात गायक एकच असल्याने हा प्रश्न येत नाही, पण तिथे शीर्षकाची सुरुवात रागाने करावी, म्हणजे ‘यमन, विलंबित’ आणि ‘यमन, द्रुत’ शोधताना शेजारी येतात.

टॅग एकदा नीट झाले की फाइलींची नावे हाताने लिहिण्याची गरज उरत नाही. एमपीथ्रीटॅगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक आणि शीर्षक असा नमुना दिला की टॅगवरून शेकडो फाइलींना नावे मिळतात. जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या, केवळ नावे असलेल्या फाइलींसाठी उलट दिशेने नावावरून टॅगही भरता येतो. नावातला क्रमांक ०१, ०२ असा दोन अंकी ठेवावा, नाहीतर अक्षरानुसार लावणाऱ्या साध्या प्लेयरमध्ये १ नंतर थेट १० येतो. काही प्लेयर तर नावाचाही क्रम न पाहता ज्या क्रमाने फाइली कार्डावर उतरल्या त्याच क्रमाने वाजवतात. अशा वेळी कार्ड रिकामे करून एकेक फोल्डर क्रमाने उतरवावे.