नासाग्रसनीय अँजिओफायब्रोमा

नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या पोकळीलगत वाढणारी, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली सौम्य गाठ. ती जवळजवळ केवळ वयात येणाऱ्या मुलग्यांना होते. हा कर्करोग नव्हे, मात्र गाठ शेजारचे हाड झिजवत डोळ्याच्या खोबणीपर्यंत व कवटीच्या तळापर्यंत पोहोचू शकते.

एका बाजूचे नाक कायम चोंदणे आणि न दुखता वारंवार रक्त येणे ही मुख्य लक्षणे. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की ‘उन्हानं घोळणा फुटला’ म्हणून डोक्यावर गार पाणी थापतात, कांदा हुंगायला देतात. बहुतेकांचे तेवढ्यावर निभावतेही. परंतु चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा घोळणा ऐन थंडीतही फुटत असेल व त्या बाजूने श्वासही येत नसेल, तर उन्हाला दोष देत बसू नये. अंबाजोगाई, नांदेड व लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आणि छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ हे शासकीय रुग्णालय येथे कान-नाक-घसा विभाग आहेत.

गाठीच्या उगमाविषयी एकमत नाही. रिंगर्ट्झ (१९३८) यांनी ती अस्थिआवरणातून निघते असे मानले. ऑसबॉर्न (१९५९) यांनी ती खरी गाठ नसून भ्रूणावस्थेत मागे राहिलेल्या, उत्थानक्षम (रक्त भरून फुगणाऱ्या) ऊतीसारख्या ऊतीची वाढ असावी, असे सुचवले. पहिल्या ग्रसनी-कमानीच्या (गर्भाच्या घशालगतच्या कमानीसारख्या घडीच्या) धमनीचे अवशेष हे मूळ असल्याचे मत अलीकडचे. गाठीची जागा व तिचा रक्तपुरवठा या दोहोंची संगती त्याने अधिक चांगली लागते. केवळ मुलग्यांनाच का, याचे उत्तर पुरुषी संप्रेरकांत शोधले जाते. तथापि तेवढ्याने सारे उलगडत नाही. उगमस्थान मात्र स्फिनोपॅलेटाइन छिद्राच्या (नाकाच्या मागच्या भागातील, रक्तवाहिन्या जाणाऱ्या हाडातील छिद्राच्या) परिसरात असल्याचे बहुतेकांना मान्य आहे.

दुर्बिणीतून गाठ गुळगुळीत, लालसर-जांभळी दिसते. नेहमीच्या नाकातील मोडासारखी समजून ओपीडीत तिचा तुकडा काढणे धोक्याचे: तिच्यातील बऱ्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींत स्नायूंचा थर नसतो किंवा अपुरा असतो, त्यामुळे त्या आकसत नाहीत आणि रक्त आवरत नाही. निदान सीटी व एमआरआयवरच करतात. गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे झुकलेली दिसणे ही होल्मन-मिलर खूण.

उपचार शस्त्रक्रियेचा. त्याआधी साधारण एक ते तीन दिवस, मुख्यतः मॅक्सिलरी (जबड्याकडील) धमनीच्या गाठीकडे जाणाऱ्या शाखा आतून सूक्ष्म कण सोडून बुजवतात; ही सोय नसेल तेथून रुग्ण पुढे पाठवावा लागतो. पूर्वी चेहऱ्यावर छेद घेत किंवा वरचा ओठ उचलून आत शिरत. १९९० च्या दशकापासून लहान व मध्यम गाठी नाकातूनच दुर्बिणीने काढल्या जातात. कवटीच्या आत शिरलेल्या, काढता न येणाऱ्या भागासाठी क्वचित किरणोपचार देतात. कवटीच्या तळाच्या स्फिनॉइड हाडाच्या पोकळ जाळीत अंश राहिल्यास गाठ पुन्हा वाढते. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही एमआरआय करत राहतात.