मेंदूविज्ञान आणि अभिजात वास्तुरचना (मुंबई)

जुन्या, कसोटीला उतरलेल्या वास्तुरचनेतील प्रमाण, कमानी, ओवऱ्या, चौक, नक्षीकाम आणि उजेड-सावलीची योजना यांचा माणसाच्या मेंदूवर व शरीरावर काय परिणाम होतो, हे प्रयोगांनी तपासून त्यातले जे टिकेल ते नव्या इमारतींत वापरण्याची पद्धत. ताण कमी व्हावा, झोप नीट लागावी, इमारतीत वाट सहज सापडावी, आजारी माणसाच्या बरे होण्याला हातभार लागावा, हे तिचे हेतू. तिच्यामागचे अभ्यासक्षेत्र ‘न्यूरोआर्किटेक्चर’ या नावाने ओळखले जाते. त्याला वाहिलेली ॲकॅडमी ऑफ न्यूरोसायन्स फॉर आर्किटेक्चर ही संस्था २००३ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगो येथे स्थापन झाली.

या क्षेत्रात एक घटना नेहमी सांगितली जाते. पोलिओची लस शोधणारे योनास साल्क १९५० च्या दशकात इटलीतील असिसीच्या मध्ययुगीन मठात काही काळ राहिले. अडलेले संशोधन तिथल्या शांत चौकांत आणि ओवऱ्यांत मोकळे झाले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे संशोधकांसाठी तशीच जागा असावी म्हणून त्यांनी लुई कान यांच्याकडून ला होया येथील साल्क इन्स्टिट्यूट बांधून घेतली. अहमदाबादची आयआयएम आखणारे कान ते हेच. एका माणसाचा अनुभव हा अर्थातच पुरावा नव्हे, पण प्रश्न मात्र त्यातून नेमका उभा राहिला.

पुरावे वेगवेगळ्या वाटांनी आले. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या (१९८४). निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. जागा ओळखणाऱ्या मेंदूपेशींच्या शोधाबद्दल जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चे नोबेल मिळाले. आपण कुठे आहोत याचा हिशेब मेंदू सतत ठेवत असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. एकसारख्या बोळांत आणि एकसारख्या दारांपुढे माणूस गोंधळतो, त्याचे मूळ इथे शोधता येते. डोळ्यांच्या पडद्यावर, पाहण्यासाठी नव्हे तर शरीराचे दिवस-रात्रीचे घड्याळ लावण्यासाठी काम करणाऱ्या प्रकाशसंवेदी पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास कळले. दिवसा घरात पुरेसा उजेड नसला की झोप बिघडते, या अनुभवाला त्यामुळे शरीरशास्त्राचा आधार मिळाला.

अभिजात परंपरेच्या सगळ्याच दाव्यांना मात्र असा आधार मिळालेला नाही. सुवर्ण गुणोत्तराचे (लांबी रुंदीच्या सुमारे १.६२ पट) आयत माणसाला उपजतच आवडतात का, हे गुस्टाव्ह फेखनर यांनी १८७६ मध्ये प्रयोगाने पाहिले. नंतरच्या प्रयोगांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत. २०१३ च्या एका अभ्यासात वळणदार रेषांच्या खोल्यांची छायाचित्रे लोकांना जास्त सुंदर वाटली आणि मेंदूतील भावनेशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला. पण ‘या खोलीत जाल का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा परिणाम दिसला नाही. स्कॅनरमध्ये पडून छायाचित्र पाहणे आणि पावसात छत्री मिटत जिन्याने वर जाणे यांत मोठे अंतर आहे. वास्तुशास्त्राच्या नावाने सांगितले जाणारे दिशांचे शुभाशुभ तर या क्षेत्रात येतच नाही. मयमतासारख्या जुन्या वास्तुग्रंथांतील मापनपद्धती हा वेगळा आणि गंभीर विषय आहे.

मुंबईत या विषयाचे साहित्य रस्त्यावरच उभे आहे. १८३३ चे टाऊन हॉल, म्हणजे आजची एशियाटिक सोसायटी, ग्रीक डोरिक खांबांची आणि तीस पायऱ्यांची. त्या पायऱ्यांवर दिवसभर कोणी ना कोणी बसलेले असते. पाठीशी भक्कम वास्तू, समोर हॉर्निमन सर्कलची झाडी. पाठ सुरक्षित आणि नजर मोकळी अशी जागा माणसाला आवडते, हे ब्रिटिश भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये मांडले. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या कमानींखालची पायवाटही तशीच. भर दुपारी रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस कमानीखाली शिरला की डोळ्यांवरचा ताण लगेच उतरतो. खांबांच्या ठरावीक अंतरामुळे चालीला लय येते, दुकान हाताशी राहते आणि जुलैत अंगही कोरडे राहते. यातले सावली आणि पाऊस हे लाभ कोणालाही पटतील. लयीचा परिणाम अजून मोजायचा आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, बांधकामाला सुरुवात १८७८) काटेकोरपणे ग्रीक-रोमन परंपरेतले नाही, गॉथिक आहे. पण तपशिलांची उतरंड समजून घ्यायला मुंबईत याहून चांगले उदाहरण नाही. लांबून घुमट दिसतो, रस्ता ओलांडताना कमानींच्या रांगा दिसतात आणि भिंतीशी आल्यावर दगडातली पाने, पक्षी, प्राणी दिसू लागतात. हे कोरीवकाम मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. प्रत्येक अंतरावर डोळ्याला काहीतरी सापडत राहते. निसर्गातल्या मध्यम गुंतागुंतीच्या आकृत्या पाहताना शरीरावरचा ताण कमी झाल्याचे रिचर्ड टेलर यांच्या प्रयोगांत आढळले आहे. नजरेचा माग घेणाऱ्या चाचण्यांत लोकांचे डोळे तपशिलांवर थांबतात आणि कोऱ्या काचेवरून घसरतात.

म्हणूनच टॉवरला खांब चिकटवले की रचना अभिजात होते, ही समजूत तपासायला हवी. हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी आखलेल्या पवईच्या हिरानंदानी गार्डन्समध्ये उंच इमारतींवर कमानी, खांब आणि त्रिकोणी शिरोभाग आहेत. विसाव्या मजल्यावरची नक्षी खालून चालणाऱ्याच्या डोळ्याला जवळजवळ लागत नाही. तिथे चालणाऱ्याच्या कामाला येतात त्या तळमजल्यावरच्या कमानी आणि झाडांनी झाकलेले पदपथ. खर्चाची निवड करायची वेळ आली तर तो पहिल्या दोन-तीन मजल्यांवर करावा.

उजेडाच्या बाबतीत मुंबईचा स्वतःचा इतिहास आहे आणि तो फारसा आठवला जात नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आपल्या योजनांत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या तळापासून या कोनात वर काढलेल्या रेषेच्या आड समोरची इमारत येऊ नये, म्हणजेच तिची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असू नये. तेव्हा हेतू रोगराई रोखण्याचा होता. हाच नियम तळमजल्यावर आकाशाचा तुकडा राखतो, आणि घड्याळ-पेशींना नेमके तेच लागते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या जवळ उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे क्षयरोगाचा प्रश्न आणि कोंदट खोल्यांचा संबंध अभ्यासकांनी मांडला आहे. शंभर वर्षांपूर्वी शहराला जे कळले होते ते आपण चटईक्षेत्राच्या हिशेबात सोडून दिले, हे दुःखद आहे.

चाळ हा यातला सर्वांत अवघड भाग. लांब गॅलरी, कठड्याला टेकून चालणाऱ्या गप्पा, खाली चौकात खेळणारी पोरे, वरून ‘जेवायला ये रे’ अशी हाक: एकटेपणा दूर ठेवणारी ही रचना गिरगाव-लालबागच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या वापरली. पण तिचे गोडवे गाताना सामायिक संडासासमोरची सकाळची रांग आणि एका खोलीत झोपणारी आठ माणसे विसरता येत नाहीत. गर्दी आणि गोंगाट यांचाही शरीरावर ताण येतोच. १९२० च्या दशकातील बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. पुनर्विकासात ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचे न्हाणीघर मिळणे हा कोणत्याही कमानीपेक्षा मोठा लाभ आहे. गेली ती गॅलरी. तिच्या जागी लिफ्टसमोरची बंदिस्त जागा आली. पुढच्या टप्प्यांत दर काही मजल्यांवर उजेडाची, बसता येईल अशी सामायिक ओटी ठेवणे आराखड्यात शक्य आहे. स्थलांतराआधी आणि नंतर त्याच कुटुंबांची झोप, रक्तदाब आणि शेजारसंबंध नोंदवले, तर छायाचित्रांवर चाललेल्या प्रयोगांना जे उत्तर देता आले नाही ते वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावर मिळू शकते.