सामाजिक सांख्यिकी आणि सार्वजनिक नियोजन

लोक किती आहेत, कुठे राहतात, काय कमावतात, किती शिकले, कशाने आजारी पडतात आणि कितव्या वर्षी मरतात, याची पद्धतशीर मोजदाद म्हणजे सामाजिक सांख्यिकी. शाळा, दवाखाने, रस्ते, पाणीपुरवठा, निवृत्तिवेतन यांवर सार्वजनिक पैसा कुठे आणि किती खर्चायचा, हे ठरवताना तिचा आधार घेतला जातो. ‘स्टॅटिस्टिक्स’ या शब्दाचे नाते मुळातच राज्यसंस्थेशी आहे. अठराव्या शतकात गॉटफ्रीड आखेनवाल या जर्मन विद्वानाने ‘राज्याच्या स्थितीचे वर्णन’ या अर्थाने तो रूढ केला. त्या वर्णनात तेव्हा आकडे थोडे आणि मजकूरच फार असे.

आकड्यांची वाट मृतांच्या याद्यांतून निघाली. लंडनमध्ये दर आठवड्याला निघणाऱ्या अशा याद्यांवरून जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये जन्ममृत्यूंचे ठोकताळे मांडले. स्वीडनने १७४९ पासून चर्चच्या नोंदी एकत्र करून देशभराची कोष्टके तयार केली. अमेरिकेने १७९० मध्ये पहिली जनगणना केली ती प्रतिनिधिगृहातील जागा राज्यांमध्ये वाटण्यासाठी. त्या वाटपात पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला होता. कोणाला किती मोजायचे, हा प्रश्न बेरजेच्या आधीच सुटलेला असतो आणि तो गणिताने सुटत नाही, याचे इतके उघडे उदाहरण दुसरे नसेल.

माहितीचे स्रोत ढोबळमानाने तीन : जनगणना, जन्ममृत्यूंसारख्या प्रशासकीय नोंदी आणि नमुना पाहणी. शितावरून भाताची परीक्षा हे पाहणीमागचे तत्त्व, पण शीत कुठूनही उचलून चालत नाही. नॉर्वेच्या आंदर्स किएर यांनी १८९५ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनी नाके मुरडली होती. १९३४ मध्ये जर्झी नेमन या पोलिश संख्याशास्त्रज्ञाने यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या, निवडीची गणिती बाजू पक्की केली. भारतात प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि इतक्या मोठ्या देशातही ही पद्धत चालते हे दिसून आले.

नियोजनात सर्वांत भरवशाचा आकडा वयाचा. यंदा जन्मलेली मुले सहाएक वर्षांनी पहिलीच्या वर्गात बसणार, म्हणजे वर्गखोल्या आणि शिक्षक यांचा अंदाज आजच्या जन्मनोंदीवरून बांधता येतो. स्थलांतराने तो चुकतो, पण किती चुकतो हेही मोजता येते. आता हा भरवशाचा आकडा गोळा होतो कसा ते पाहावे. प्रगणक दारात उभा असतो, घरातले एकच माणूस सगळ्यांची वये सांगते आणि म्हातारीपाशी येऊन अडखळते : ‘असेल साठ-पासष्ट.’ रकान्यात साठ पडतात. जिथे जन्मतारखांची नोंद नसते तिथे वयांच्या आलेखात दर पाच-दहा वर्षांनी असा सुळका उभा राहतो. व्हिपलचा निर्देशांक नेमका हाच कल मोजतो : तो १०० असेल तर शून्य-पाचाकडे ओढा नाही, ५०० म्हणजे सगळ्यांनीच शून्य किंवा पाचात संपणारे वय सांगितले. निवृत्तिवेतन साठाव्या वर्षी सुरू होत असेल, तर या सुळक्याची किंमत थेट तिजोरीला मोजावी लागते.

खरी खडाजंगी होते ती व्याख्यांवर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या निकषानुसार बेरोजगार ठरायला तीन अटी लागतात : काम नसणे, कामाला तयार असणे आणि काम शोधत असणे. संदर्भ आठवड्यात, म्हणजे पाहणी ज्या आठवड्याविषयी विचारते त्यात, एक तास जरी मोबदल्याचे काम केले, तरी माणूस रोजगारात गणला जातो. शोधून शोधून थकला आणि घरी बसला, तर तो बेरोजगारही राहत नाही, श्रमबलाच्या, म्हणजे काम करणारे आणि शोधणारे यांच्या गणतीच्या, बाहेर जातो. त्यामुळे बेरोजगारीचा दर घटला ही बातमी कधी कधी निराशेचीही असू शकते. हा निकष चुकीचा नाही. देशादेशांची तुलना करायला असाच काटेकोर निकष लागतो. मात्र दराशेजारी श्रमबल-सहभागाचा आकडा नसेल, तर तो दर वाचण्यात फारसा अर्थ नाही.

दारिद्र्यरेषेचेही तसेच. अमेरिकेत मॉली ओर्शान्स्की यांनी १९६०च्या दशकात सोपा मार्ग काढला. १९५५च्या पाहणीत कुटुंबांचा साधारण एकतृतीयांश खर्च अन्नावर होताना दिसला होता, म्हणून काटकसरीच्या आहाराच्या खर्चाची तिप्पट ही रेषा. १९६९ मध्ये ती सरकारी झाली आणि त्यानंतर मुख्यतः महागाईप्रमाणे वाढवली गेली. दरम्यान घरभाडे आणि औषधोपचार यांचा वाटा वाढला, अन्नाचा घटला, तरी ते ‘तिप्पट’ तसेच राहिले. असंख्य योजनांची पात्रता या एका गुणाकाराला टांगलेली असल्याने तो बदलणे राजकीयदृष्ट्या फार अवघड. २०११ पासून तिथे एक पूरक मापही प्रसिद्ध होते, जुने मात्र जागचे हललेले नाही.

धोरण चालले की नाही हे पाहण्यासाठीही आकडे लागतात. मेक्सिकोने १९९७ मध्ये, मुले शाळेत जावीत आणि आरोग्य तपासणी व्हावी या अटीवर आईच्या हातात रोख मदत देणारी ‘प्रोग्रेसा’ योजना आणली. मूल्यमापनासाठी ५०६ वस्त्या निवडून काहींना ती चिठ्ठ्या टाकल्यासारखी आधी आणि इतरांना नंतर दिली. दोन्ही गटांतला फरक दिसला आणि २०००च्या सत्तांतरानंतरही योजना नाव बदलून टिकली.

उलटा अनुभवही जुना आहे. एखाद्या आकड्यावर बक्षीस-शिक्षा ठरू लागली की तो आकडाच बिघडतो, हे डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकन समाजशास्त्रीय संशोधकाने १९७०च्या दशकात नोंदवले. परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरले, तर कच्ची मुले परीक्षेपासून दूर ठेवण्याकडे कल होतो. निकाल सुधारतो, शिक्षण तिथेच राहते.

लोक खरे उत्तर देतात ते गुप्ततेच्या भरवशावर, आणि हा भरवसा मोडल्याचे दाखले आहेत. नेदरलँड्सच्या चोख लोकसंख्या नोंदवहीत धर्माचाही रकाना होता. नाझी ताब्याच्या काळात ज्यूंना हुडकायला तीच कामी आली. १९४३ मध्ये प्रतिकारकांनी अ‍ॅमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवून दिले, तरी बहुतेक कागद वाचले. चाळीस वर्षांनी पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने नियोजित जनगणना रोखली आणि स्वतःविषयीच्या माहितीवर व्यक्तीचा हक्क मान्य केला. ती जनगणना नव्या नियमांनिशी १९८७ मध्ये झाली.