सिस्टीनविना वाढणारे यीस्ट

जनुकीय चाचणीच्या अहवालात ‘उत्परिवर्तन आढळले’ असे शब्द दिसले, की आजार झालाच असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात आपल्या प्रत्येकाच्या जनुकांत असंख्य बदल असतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. कोणता बदल प्रथिनाचे काम बिघडवतो, हे नुसता अक्षरक्रम वाचून पुष्कळदा ठरवता येत नाही. ते करूनच पाहावे लागते, आणि तिथे पाव फुगवणारे यीस्ट मदतीला येते.

होमोसिस्टिन्युरिया या आनुवंशिक आजारात डोळ्यातले भिंग जागेवरून सरकते, हातापायांची हाडे लांबट होतात, रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. सीबीएस हे ५५१ अमिनो आम्लांचे विकर (एन्झाइम) होमोसिस्टीन आणि सेरीन या अमिनो आम्लांना जोडते व त्यातून पुढे सिस्टीन हे अमिनो आम्ल तयार होते. विकर निकामी झाले की होमोसिस्टीन रक्तात साचत जाते. यीस्टमध्ये हेच काम सीवायएस४ नावाचे जनुक करते.

हे जनुक काढून टाकलेले यीस्ट सिस्टीनविना वाढत नाही. वॉरन क्रूगर आणि डेव्हिड कॉक्स यांनी १९९४ मध्ये दाखवले, की अशा यीस्टमध्ये माणसाचे सीबीएस जनुक घातले तर ते पुन्हा वाढू लागते. मग रुग्णात सापडलेला बदल त्या जनुकात करायचा, यीस्टचे थेंब सिस्टीन नसलेल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या पोषक थरावर, ठेवायचे आणि ३० अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस थांबायचे. विकर चालत असेल तर थेंबाच्या जागी सायीसारखा दाट ठिपका उमटतो, नसेल तर अगार मोकळाच राहतो. शंभर कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन वंशांतली ही अदलाबदल आजही मला थक्क करते.

जॅस्पर राइन यांच्या बर्कली येथील प्रयोगशाळेने २०१२ मध्ये सीबीएसची ८४ रूपे अशीच तपासली, तीही ब६ जीवनसत्त्वाचे प्रमाण कमीजास्त करून, कारण ते या विकराचे सहविकर आहे, म्हणजे विकराला कामासाठी त्याची जोड लागते. काही रूपांचे काम ब६ वाढवताच सुधारले. काही रुग्णांना ब६च्या मोठ्या मात्रेने गुण येतो आणि काहींना येत नाही, या अनुभवाशी हे जुळते. त्याआधी, १९९८ मध्ये, क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्याला याहून अनपेक्षित गोष्ट दिसली होती. २७८व्या जागी आयसोल्युसीनऐवजी थ्रिओनीन आलेले विकर यीस्टला जगवत नव्हते. पण त्याच विकराचे नियंत्रण करणारे शेवटचे टोक छाटले गेले, तेव्हा यीस्ट वाढले. म्हणजे दोष असूनही विकराची क्षमता पुरती संपलेली नव्हती.

मुलाच्या आजाराला पूर्वजन्मीचे भोग म्हणणे जितके निराधार, तितकाच लाळेच्या नमुन्यावरून पुढचे सारे आजार सांगण्याचा दावाही. यीस्टलाही मर्यादा आहेत. त्याला ना भिंग, ना रक्तवाहिन्या. ते फक्त विकराविषयी सांगते. शिवाय यीस्टमध्ये घातलेल्या मानवी जनुकातून मधले निरर्थक तुकडे आधीच वगळलेले असतात. त्यामुळे त्या तुकड्यांची कापणी बिघडवणारे बदल या परीक्षेत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी रुग्णाच्याच पेशी तपासाव्या लागतात.