वर्ककॅम्प

वर्ककॅम्प : चर्चच्या युवागटातील मुलामुलींनी उन्हाळ्याच्या सुटीत आठवडाभर एखाद्या गरीब भागात मुक्काम करून तिथल्या कुटुंबांची घरे विनामोबदला दुरुस्त करून देण्याची प्रथा. अमेरिकेतील प्रॉटेस्टंट चर्चमध्ये ती विशेष रुजली आहे. शिबिरार्थी बहुधा चौदा ते अठरा वर्षांचे असतात आणि त्यांच्याबरोबर चर्चमधली मोठी माणसे असतात. मराठी वाचकाला हे एनएसएसच्या शिबिरासारखे वाटेल. योगायोग असा, की आपली राष्ट्रीय सेवा योजना आणि अमेरिकेतली या क्षेत्रातली एक जुनी संस्था, अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट, दोन्ही १९६९ च्याच. फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडचे श्रमदान बंधाऱ्यावर, रस्त्यावर, शाळेच्या आवारात होते. वर्ककॅम्पचे काम दुसऱ्याच्या राहत्या घरात चालते, घरचे लोक समोर बसलेले असताना. या प्रथेतले बहुतेक नियम आणि तिच्यावरचे बहुतेक आक्षेप इथूनच निघतात.

कल्पनेचे मूळ युरोपात, पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततावादी ख्रिस्ती चळवळीत आहे. स्विस अभियंता पिएर सेरेसोल याने १९२० च्या अखेरीस फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एन या उद्ध्वस्त गावी स्वयंसेवकांची छोटी तुकडी नेली. तिने पडलेल्या घरांच्या जागी लाकडी निवारे उभारले. तुकडीत जर्मन तरुणही होते. ज्या मातीत त्यांच्या देशाच्या तोफांनी गाव भुईसपाट केले, तिथे त्यांनी फ्रेंचांसाठी खिळे ठोकावेत, हा त्यातला मुद्दा. तो सर्वांना पचला नाही. जर्मनांच्या हजेरीला विरोध झाला आणि १९२१ च्या वसंतात काम आवरते घ्यावे लागले. पुढे या कामातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था वाढली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः सहकाऱ्यांसह बिहारात येऊन राबला. या संस्थेच्या परदेशी स्वयंसेवकांनी १९५० च्या दशकात आनंदवनातही बांधकाम केले. साठच्या दशकाच्या अखेरीस बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. दर मे महिन्यात भरणाऱ्या त्या छावणीकडे या परंपरेची दूरची बहीण म्हणून पाहायला हरकत नाही, जरी तिच्यात चर्च नाही आणि घरदुरुस्तीही नाही.

अमेरिकेत ही पद्धत क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी नेली. त्यांच्या अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटीने १९३४ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या वेस्टमोरलँड परगण्यात शिबिर भरवले. महामंदीत बेकार झालेल्या खाणकामगारांसाठी तिथे नवी वसाहत उभी राहत होती. तिच्या पाणीपुरवठ्यासाठी तरुणांनी चर खणले. हे काम अजून सार्वजनिक स्वरूपाचे होते, आपल्या श्रमदानासारखे. खासगी घराचा उंबरठा ओलांडला गेला तो अ‍ॅपलाचियात.

अ‍ॅपलाचिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडचा डोंगरपट्टा. त्याचा मधला भाग, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया आणि टेनेसी या राज्यांत पसरलेला, कोळशावर जगला. खाणीत यंत्रे आली, माणसे घरी बसली. १९६४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन पूर्व केंटकीतल्या एका घराच्या ओसरीवर बसून बोलले, त्याची छायाचित्रे देशभर छापून आली आणि हा प्रदेश दारिद्र्याचा चेहरा ठरला. स्थानिकांना ती ओळख आजही टोचते. इथल्या गरिबीचे एक वैशिष्ट्य असे, की पुष्कळांचे घर स्वतःचे असते. वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यावर जुने लाकडी घर किंवा चाकांवर आणून ठेवलेले ट्रेलर घर. भाडे नाही, पण दुरुस्तीला पैसाही नाही. १९७६ च्या आधीच्या ट्रेलर घरांना बांधणीचे सक्तीचे देशव्यापी मानकच नव्हते, त्यामुळे छप्पर गळायला लागले की घरातली लाकडी जमीन कुजते आणि हिवाळ्यात वारा खालून घरात शिरतो.

केंटकीतल्या हेंडरसन सेटलमेंट या मेथडिस्ट (एक प्रॉटेस्टंट पंथ) सेवाकेंद्राचे प्रमुख राहिलेले धर्मोपदेशक ग्लेन ‘टेक्स’ एव्हान्स यांनी १९६९ मध्ये पन्नास मुले आणि मोठी माणसे बार्बरव्हिल या गावी आणली. त्या उन्हाळ्यात चार घरे दुरुस्त झाली. हीच अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट. तिचे कार्यालय आज टेनेसीतल्या जॉन्सन सिटीत आहे आणि घर अधिक उबदार, अधिक सुरक्षित, अधिक कोरडे करणे एवढेच ती आपले ध्येय सांगते. सुंदर करण्याचे नाव नाही, हे लक्षात घेण्याजोगे. दुसरा मोठा प्रवाह कोलोरॅडोतला. ३१ जुलै १९७६ च्या रात्री बिग थॉम्प्सन दरीत पूर येऊन शंभरावर माणसे गेली. जवळच्या लव्हलँड गावातून चर्चच्या युवागटांसाठी मासिक काढणाऱ्या मंडळींनी पुढच्या वर्षी तिथे मदतीला मुले बोलावली आणि त्यातून ग्रुप वर्ककॅम्प्स ही संस्था उभी राहिली. त्यांनी एक युक्ती रूढ केली: एका चर्चची मुले एका तुकडीत ठेवायची नाहीत. पाच-सहा अनोळखी मुले आणि एक मोठा माणूस, अशी तुकडी. मैत्रिणींचा घोळका मोडला की कामाला हात लागतात, हे कोणत्याही शिबिरप्रमुखाला सांगावे लागत नाही.

आठवड्याचा साचा ठरलेला असतो. रविवारी गाड्या येतात, मुक्काम बहुधा सुटीमुळे रिकाम्या असलेल्या शाळेत. वर्गातल्या जमिनीवर हवा भरलेल्या गाद्या, अंघोळीला रांग. सकाळी प्रार्थना, मग पीनट बटर-जॅमची सँडविच डब्यात भरून तुकड्या आपापल्या घरांकडे. संध्याकाळी गाणी, बायबलवाचन, दिवसाबद्दल बोलणे. सोमवार ते शुक्रवार काम, शनिवारी परत. याचे पैसे मुलेच भरतात. त्यासाठी वर्षभर चर्चच्या आवारात गाड्या धुतात, स्पॅगेटीची जेवणे करून तिकिटे विकतात. काही ठिकाणी तर सहलीचे ‘शेअर’ काढून मंडळीतल्या आजी-आजोबांना विकतात, आणि परतल्यावर भागधारकांना हिशेब द्यावा तसा वृत्तांत रविवारच्या उपासनेत देतात.

काम कष्टाचे आणि बरेचसे घाणीचे. घराखालच्या दोन-अडीच फुटांच्या पोकळीत पाठीवर सरपटत जाऊन तुळयांमध्ये थंडी अडवणारी काचलोकर, म्हणजे काचेच्या तंतूंची लादी, बसवायची. जुलैच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि तोंडाला मास्क, तरी मनगटाला खाज सुटतेच. आंघोळही गार पाण्यानेच करा, असे जुने शिबिरार्थी नव्यांना सांगतात. पहिल्याच दिवशी मुलांना कळते, की दुकानात ‘दोन बाय चार’ म्हणून मिळणारी फळी प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. ते न कळलेल्या तुकडीचे पहिले माप हमखास चुकते. सर्वांत मागणी व्हीलचेअरच्या उताराला. नियम असा, की दर एक इंच चढाला बारा इंच लांबी. दरवाजा जमिनीपासून तीस इंच उंच असेल तर उतार तीस फूट लांब होतो, अंगणात मावत नाही आणि वळवावा लागतो. भूमितीच्या पेपरात ज्याने गुण घालवले तो इथे दोरी धरून कोन काढत बसतो. विजेचे काम मुलांना देत नाहीत. घरे बांधणारी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी अठरा वर्षांखालच्यांना छपरावर चढू देत नाही, यंत्रकरवतही हाती देत नाही.

घरच्यांशी वागण्याचे नियम हत्यारांच्या नियमांइतकेच पक्के असतात. न विचारता आत जायचे नाही, घराचे फोटो काढायचे नाहीत, नाक मुरडायचे नाही, चहा-सरबत दिले तर नको म्हणायचे नाही. अनेक शिबिरांत आठवड्यातून एक दिवस घरच्या मंडळींना जेवायला बोलावतात. घरातल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला हातोडा खाली ठेवला तर तो कामचुकारपणा मानत नाहीत, उलट तसे करा असेच सांगतात.

तरी अवघडलेपण जात नाही. श्रीमंत उपनगरातली पंधरा वर्षांची मुलगी कोणाच्या न्हाणीघराची कुजलेली जमीन उखडते तेव्हा घरच्या बाईला काय वाटत असेल, हा प्रश्न टीकाकार विचारतात आणि तो रास्त आहे. सर्वांत कडक शब्द कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांचे. एप्रिल १९६८ मध्ये, उन्हाळ्यात मेक्सिकोत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोरच त्यांनी सांगितले: पाहायला या, डोंगर चढा, शिका, पण मदत करायला येऊ नका. दुसरा आक्षेप हिशेबी आहे: प्रवासावर जाणाऱ्या पैशात स्थानिक सुतार लावला असता. तो खरा असला तरी अपुरा वाटतो, कारण गाड्या धुऊन जमवलेला पैसा नुसत्या सुताराच्या मजुरीसाठी जमला असता का, हे कोणी सांगू शकत नाही.

एका मोठ्या घराचे काम एका आठवड्यात क्वचितच संपते. शुक्रवारी अर्धी बसलेली जमीन सोमवारी दुसऱ्या राज्यातली तुकडी पुढे नेते, कधी आधीच्या तुकडीने उलट्या बसवलेल्या फळ्या काढून. मुलांसाठी हा एक आठवडा असतो. घरच्यांसाठी पूर्ण उन्हाळा: दर सोमवारी सात नवी नावे पाठ करायची, कुत्रा चावत नाही हे पुन्हा सांगायचे आणि पाण्याचा नळ कुठे आहे ते दाखवायचे.