हस्तकोरीव काम, धातूवरील : हत्यारे व सरावाचे धातू

धातूच्या पृष्ठभागातून कोरणीने कीस काढून रेघ, अक्षर किंवा नक्षी उमटवण्याची कला. ठसा मारला की धातू नुसता दबतो. कोरणीने तो कापला जातो. ठाण्यात या कामाचा फार जुना नमुना मिळालेला आहे. शिलाहार राजा अरिकेसरी याचा शके ९३९ (इ. स. १०१७) मधील ताम्रपट १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना सापडला. आज ठाण्याच्या बाजारपेठेत भांड्यांवर नाव घालून मिळते, पण ते बहुधा थरथरणाऱ्या विजेच्या सुईने. ती पत्र्यावर टिंबे पाडते, सलग कीस काढत नाही. म्हणून ते काम वेगळे.

कोरणी म्हणजे पोलादाची बारीक सळई व तळहातात बसणारी मूठ. टोक चौकोनी, सपाट, गोल किंवा व्ही आकाराचे असते. नवशिक्याने एकच घ्यावी : १२० अंशांची व्ही. हायस्पीड स्टील (कटाईच्या हत्यारांचे कठीण पोलाद) सुरुवातीला सोयीचे. कार्बाइड (टंगस्टन व कार्बनचे संयुग) अधिक कठीण, पण ठिसूळ, आणि त्याला धार लावायला हिऱ्याची पट्टीच लागते. डझनभर कोरण्यांचा संच घेण्यापेक्षा तो पैसा धारेच्या दगडावर खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे, कारण हात बिघडल्यासारखा वाटतो तेव्हा बहुतेक वेळा धारच गेलेली असते. तोंडाचा, म्हणजे सळईच्या टोकाशी तिरक्या घासलेल्या भागाचा, कोन ४५ अंशांच्या आसपास ठेवतात. टोकाखाली १५ ते २० अंशांची छोटी टाच घासतात, त्यामुळे मूठ पत्र्यापासून उचललेली राहते. ही टाच अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लांब झाली, तर वळणावर ती रेघेच्या बाहेरच्या काठाला घासते आणि वाटोळी रेघ खरवडलेली दिसते. धार पाहण्याची रीत सोपी : टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवावे. रुतले तर धार आहे, सरकले तर पुन्हा दगडाकडे.

सरावासाठी बहुतेकांचा हात आधी तांब्याकडे जातो. ते मऊ खरे, पण चिकट. कीस सुटत नाही आणि रेघेच्या दोन्ही काठांना उंचवटा उठतो. पितळ बरे. दीड मिलिमीटरचा पत्रा, ४०० व ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घेतलेला, सुरुवातीला पुरे. त्यानंतर माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचे साधे पोलाद, घ्यावे. ते जड जाते, पण कोरणीला सारखा विरोध करते आणि हातावर ताबा येतो तो यावरच. ॲल्युमिनियम टोकाला चिकटते. डब्याभांड्यांचे स्टेनलेस कोरता कोरता आणखी कठीण होत जाते. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. चांदी सुरेख कापते, पण ती हात बसल्यावर.

नवी मुंबईत कळंबोलीला पोलादाचा मोठा बाजार आहे, पण सरावाला हातभर पट्टीही पुष्कळ होते. ठाण्याची वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईचे रबाळे-महापे या औद्योगिक भागांतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कापून उरलेले तुकडे मागून पाहावेत. तुकडा लाकडी ठोकळ्यावर राळेत किंवा लाखेत पक्का बसवावा. मोकळा पत्रा बोटांनी धरून कोरू नये, आणि डावा हात कधीही टोकाच्या पुढे ठेवू नये. घसरलेली कोरणी खोल रुतते. खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, घासलेले माइल्ड स्टील चटकन गंजते, म्हणून काम थांबवताना पट्टीवर तेलाचा बोळा फिरवून ठेवतात.