कॅलरी मोजायची तर श्वास मोजा

बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात सकाळच्या फेऱ्या झाल्या, की अनेकांची नजर मनगटावर जाते. घड्याळ म्हणतं, तीनशे कॅलरी जळाल्या. त्या भरवशावर कुंदा ही इथली मिठाईही खाल्ली जाते. पण घड्याळाने कॅलरी मोजलेल्याच नसतात. ते नाडीचे ठोके आणि हाताची हालचाल टिपतं, बाकी सगळा अंदाज. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 साली अशी सात उपकरणं तपासली. ठोके बहुतेकांनी नीट मोजले, ऊर्जेत मात्र सर्वांत चांगलं उपकरणसुद्धा 27 टक्के चुकलं.

खरा हिशेब श्वासात असतो. अन्न जाळायला ऑक्सिजन लागतो आणि एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण 5 किलोकॅलरी, म्हणजे बोलण्यातल्या 5 कॅलरी, ऊर्जा मिळते. बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड आणि आत घेतलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर काय जळतंय तेही सांगतं: भात-भाकरीतलं पिष्ट असेल तर 1, चरबी असेल तर 0.7 च्या आसपास. प्रथिनं किती जळाली ते कळायला लघवीतला नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणतात.

इथे बेळगावकरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब कारवारपेक्षा आठेक टक्के कमी. म्हणजे इथल्या एक लिटर हवेत ऑक्सिजनही तेवढाच कमी. दाब, तापमान आणि बाष्प यांची दुरुस्ती केली नाही, तर तोच माणूस तेच काम करताना दोन गावांत दोन आकडे दाखवील. श्वास मोजणाऱ्या यंत्राचीही परीक्षा घ्यावी लागते. मोजून घेतलेलं शुद्ध अल्कोहोल त्यात जाळतात. गुणोत्तर 0.67 यायला हवं. आलं नाही, तर त्या यंत्रावर माणूस तपासूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेत अख्खा माणूस राहील अशी मोजणीची खोली उभारली गेली. पण चिकोडी-निपाणीच्या उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला ना खोलीत बसवता येतं, ना दिवसभर श्वास मोजायचा मुखवटा लावता येतो. आणि अशा कष्टकऱ्यांचीच मोजणी मला सर्वांत गरजेची वाटते.

त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. 1982 मध्ये ती माणसांवर वापरल्याचं प्रसिद्ध झालं. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे नेहमीपेक्षा जड अणू, असलेलं पाणी प्यायला द्यायचं. दोन्ही निरुपद्रवी, किरणोत्सार नाही. जड हायड्रोजन लघवी, घाम, वाफ अशा पाण्याच्या वाटेनेच बाहेर जातो. जड ऑक्सिजन पाण्यातूनही जातो आणि कार्बन डायऑक्साइडमधूनही. एक-दोन आठवडे लघवीचे नमुने घेऊन दोघांच्या घटण्याच्या वेगातला फरक काढला, की श्वासातून किती कार्बन डायऑक्साइड गेला ते कळतं आणि त्यावरून खर्च झालेली ऊर्जा काढता येते. बाई तोवर आपलं काम करत राहते.

हे पाणी महाग असतं, तपासणीही मोठ्या प्रयोगशाळेतच होते. शिवाय साध्या पाण्यातही हे जड अणू थोडे असतात आणि त्यांचं प्रमाण गावोगाव बदलतं. म्हणून बीडकडून नुकत्याच उतरलेल्या ऊसतोड टोळीची मोजणी लगेच सुरू करू नये. इथलं पाणी काही आठवडे अंगात मुरू द्यावं, डोस देण्याआधीचा नमुना घ्यावा आणि मगच पुढचे नमुने त्याच्याशी ताडून पाहावेत.